पाटीवर किती पदव्या लावायच्या? एका छापखानेवाल्याचं उत्तर

फोंड्याच्या एका वकील ताईंचा प्रश्न आहे. सनद मिळून वर्ष झालं, आता बाजारात स्वतःचं ऑफिस घालतायत. शिक्षण बी.कॉम., मग एलएल.बी., नंतर मराठी घेऊन एम.ए. शिवाय कंपनी सेक्रेटरीची एक्झिक्युटिव्ह परीक्षा पास आणि पीएच.डी. चालू. यातलं दारावरच्या पाटीवर काय घालू, कुठल्या क्रमाने, आणि टिंबं कुठे कुठे द्यायची, असं त्या विचारतायत. वडील म्हणतात, "शिकलीस ते सगळं लाव." सिनियर म्हणतात, "नुसतं अ‍ॅडव्होकेट पुरे."

मी वकील नाही. म्हापशात आमचा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी खिळे जुळवून ट्रेडलवर छापायचे, मी आलो तेव्हा ऑफसेट आलं, आणि आता निम्मं काम पाट्या, शिक्के, लेटरहेड आणि व्हिजिटिंग कार्डांचं. तीस वर्षं लोकांच्या पदव्या जुळवतोय. त्यातल्या बऱ्याच चुकीच्या जुळवल्या, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार.

ताई, तुम्ही क्रम विचारलाय, पण तुमची खरी अडचण क्रमाची नाही. तुमच्या यादीतल्या गोष्टी एका ओळीत बसवल्या की सारख्या दिसतात, आणि आहेत मात्र वेगवेगळ्या जातीच्या. गिऱ्हाईक अशी यादी घेऊन आलं की मी प्रत्येक अक्षराला एकच प्रश्न लावतो: हे तुम्हाला कुणी दिलं, आणि तो ते परत घेऊ शकतो का? एवढं विचारलं की अर्धी यादी आपोआप गळते.

पदवी विद्यापीठ देतं. 1956च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या 22व्या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. एकदा मिळाली की ती जन्माची. वर्गणी नाही, नूतनीकरण नाही, धंदा सोडला तरी जात नाही. तुमचं बी.कॉम., एलएल.बी. आणि एम.ए. या खात्यात.

'अ‍ॅडव्होकेट' हे दुसरं खातं. ते तुम्हाला विद्यापीठाने दिलेलं नाही, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाने दिलंय, आणि त्याला अटी आहेत. एलएल.बी. करून बँकेत लागलेला माणूस कार्डावर एलएल.बी. खुशाल लिहील, पण 'अ‍ॅड.' लिहू शकणार नाही. उद्या तुम्ही पूर्णवेळ नोकरी धरलीत तर सनद बाजूला ठेवावी लागेल, आणि मग पाटीवरचं 'अ‍ॅड.'ही उतरवावं लागेल. एलएल.बी. मात्र तिथेच राहील. ही दोन्ही एकच समजणारी माणसं मला आठवड्याला एक तरी भेटतात.

तिसरं खातं सभासदत्वाचं. सी.ए. लोकांचं एसीए आणि एफसीए, कंपनी सेक्रेटरींचं एसीएस आणि एफसीएस, इंजिनियरांचं एमआयई आणि एफआयई. यातला ए म्हणजे असोसिएट, एम म्हणजे मेंबर, एफ म्हणजे फेलो, त्यांच्यावरचा दर्जा. उदाहरणार्थ, सी.ए.ने सलग पाच वर्षं प्रॅक्टिस केली की त्याला फेलो होता येतं. ही अक्षरं संस्थेच्या वहीत तुमचं नाव असेपर्यंतच तुमची. नाव वहीतून गेलं की अक्षरंही गेली.

तुमची एक्झिक्युटिव्ह परीक्षा इथेच अडते. ती पदवी नाही, कारण ती विद्यापीठाने दिलेली नाही. आणि सभासदत्वही नाही, कारण पुढची परीक्षा, प्रशिक्षण आणि नावनोंदणी अजून व्हायचीय. पूर्वी मी 'सी.ए. (इंटर)' अशी कार्डं भरपूर छापली. मग लक्षात आलं, की रस्त्यावरून जाणारा माणूस कंस वाचतच नाही. त्याला दिसतं नुसतं सी.ए. चार्टर्ड अकाउंटंट्सचा 1949चा आणि कंपनी सेक्रेटरींचा 1980चा, दोन्ही कायद्यांत सभासद नसताना तसं भासवणं हा गुन्हा आहे. कंसात खरं लिहिलंय हे सांगून तुम्ही सुटालही, पण वकिलाने आपल्याच पाटीचा बचाव करत का बसावं? ती परीक्षा बायोडेटात शोभते. पाटीवर नको.

चालू असलेल्या पीएच.डी.चंही तेच. मात्र इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती पाटी मीच कोरली होती. एका गिऱ्हाइकाने हट्टाने 'पीएच.डी. (पर्स्युइंग)' पितळेत कोरून घेतलं. मी म्हटलं अ‍ॅक्रिलिक घ्या, तर म्हणाला पितळच पाहिजे. सहा वर्षांनी पाटी काखोटीला मारून आला. गाइड निवृत्त झाले, विषय सुटला, आता ते खोडून द्या. अ‍ॅसिडने खाऊन काढलेली अक्षरं पितळेवरून खोडता येत नाहीत. शेवटी वर दीड इंचाची पट्टी बसवली. पट्टी छान बसली, पण खाली काहीतरी झाकलंय हे समोरच्या फूटपाथवरून कळायचं. तेव्हा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले, म्हणूनही लगेच घाई नको. विद्यापीठाची अधिसूचना किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र हातात पडलं की लावा.

आणि त्या दिवशी एक ठरवा: नावाआधी 'डॉ.' की नावानंतर 'पीएच.डी.'? दोन्ही लावणं म्हणजे एकाच उसाचा रस दोनदा काढणं. एम.बी.बी.एस. डॉक्टरांची गोष्ट निराळी, तिथे 'डॉ.' हा व्यवसाय सांगतो आणि मागची अक्षरं पदवी सांगतात.

चौथं खातं हुद्द्याचं. ते नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. इथे भाषेची एक गंमत आहे. मराठी पत्रिकेवर कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही आपण 'प्रा.' लावतो, त्यात आदर आहे, कुणाची हरकत नसते. तोच माणूस इंग्रजी कार्डावर 'प्रोफ.' छापून मागतो तेव्हा मी विचारतो, असिस्टंट की असोसिएट? कारण इंग्रजीत प्रोफेसर हा एक ठरलेला वरचा हुद्दा आहे, आणि ते कार्ड पाहणाऱ्या कॉलेजवाल्यांना तो फरक ताबडतोब कळतो. नेट-सेट हे तर हुद्दाही नाही आणि पदवीही नाही, त्या नोकरीसाठीची पात्रता आहे. नोकरी लागली की तिचं काम संपलं.

राहिले पुरस्कार. हे नावाला चिकटवायचेच नाहीत. यात मी स्वतः तोंडावर पडलोय. एका नाट्यमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी मोठ्या टायपात 'पद्मश्री' छापलं. आयोजकांनी तसंच लिहून दिलं होतं, मीही खूश होतो. पत्रिका पोचली त्या संध्याकाळी पाहुण्यांचाच फोन आला. अगदी शांतपणे म्हणाले, "तेवढा एक शब्द काढता येईल का? मला तो लावायची परवानगी नाही." घटनेच्या 18व्या कलमाने किताब बंद झाले, अपवाद फक्त लष्करी आणि शैक्षणिक मानाचा. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, म्हणून ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995च्या डिसेंबरात सांगितलंय. पाचशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या. परिचयाच्या मजकुरात 'पद्मश्रीने सन्मानित' असं लिहायला काहीच हरकत नाही. नावाला जोडलं की चूक.

मानद डी.लिट. असेल तर 'मानद' हा शब्द सोबत हवाच. आणि हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासह डॉक्टरेट वाटणाऱ्या ज्या संस्था निघाल्यात, त्यांची पदवी छापायला आलेल्याला मी 22वं कलम सांगतो. गिऱ्हाईक कधी कधी शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे.

आता तुमच्या धंद्याचे खास नियम. पाटी कुणाची आहे त्यावर इथे बरंच अवलंबून. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36वा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार, पण पाटी करायला येणारे निम्मे वकील तो विसरलेले असतात, म्हणून सांगतो. वकिलाने जाहिरात करायची नाही. पाटीचा आकार माफक हवा. आपण बार कौन्सिलचे किंवा एखाद्या संघटनेचे अध्यक्ष किंवा सभासद आहोत वा होतो, पूर्वी न्यायाधीश किंवा अ‍ॅडव्होकेट जनरल होतो, अमुक कामात आपली खासियत आहे, यातलं काहीही पाटीवर किंवा लेटरहेडवर दाखवायचं नाही. पदव्यांना मात्र मनाई नाही.

नव्या वकिलांना नेमकी खालची ती एक ओळ हवी असते: 'दिवाणी, फौजदारी, इन्व्हेंटरी, सेल डीड'. त्यातही इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी, ठळक. साहजिक आहे. गोव्यात वारसाहक्काला पोर्तुगीज काळापासूनची रीत आहे, 2012चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, आणि बहुतेक वाड्यांत एक तरी घर असं असतं जिथे आजोबांची वाटणी अजून अडलेली. हे काम येतं असं कळलं तर पक्षकार जिना चढेल. तरी ती ओळ पाटीवर चालत नाही. 2008मध्ये नियम सैल झाला तो वेबसाइटपुरता. तिथे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं ठरलेल्या नमुन्यात देता येतात. इन्व्हेंटरी तिथे लिहा.

डॉक्टरांचा नियम उलट बाजूने कडक. त्यांच्या 2002च्या आचारसंहितेप्रमाणे नावानंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या आणि खरंच ज्ञानाची दखल घेणारी सभासदत्वं किंवा सन्मानच लावायचे. राज्य कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर द्यायचाच. चिठ्ठीवरचा मजकूर आणि पाटीवरचा मजकूर एकच हवा. औषधाच्या दुकानावर डॉक्टरची पाटी लावणंही अयोग्य मानलंय, आणि तशी पाटी लावून मागणारे फार्मसीवाले मला आजही भेटतात. बी.कॉम. झालेला डॉक्टर असला तर बी.कॉम. घरी ठेवावं. आर्किटेक्ट ही तर नुसती ओळख नाही, 1972च्या कायद्याने राखून ठेवलेला शब्द आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसताना तो लावता येत नाही, घराचे नकाशे कितीही चांगले काढत असलात तरी.

थोडक्यात, विद्यापीठाने दिलेलं कायम लावता येतं, कौन्सिलने आणि संस्थेने दिलेलं नोंद जिवंत असेपर्यंत, हुद्दा खुर्ची असेपर्यंत. पुरस्कार आणि अर्धवट परीक्षा कधीच नाहीत.

यानंतर क्रम. आपल्याकडे सर्वसाधारण रीत अशी, की आधी विद्यापीठाच्या पदव्या मिळाल्या त्या ओळीने, मग व्यावसायिक सभासदत्वं. बी.ए., एम.ए., पीएच.डी. अशी चढती माळ. पण चढती माळ म्हणजे प्रत्येक पायरी दाखवायची असं नाही. एका विषयातली वरची पदवी आली की खालची गृहीत धरली जाते. एम.कॉम. लिहिल्यावर बी.कॉम. कशाला? शिक्षक एम.ए., बी.एड. दोन्ही लिहितात, कारण एक विषयाची आणि एक शिकवण्याची, दोन्ही लागतात. डॉक्टर एम.बी.बी.एस., एम.डी. दोन्ही लिहितात, आणि ते बरोबर आहे, कारण नुसत्या एम.डी.वरून मूळ पदवी कुठल्या शाखेची ते कळत नाही. आयुर्वेदातही एम.डी. आहे.

तुमच्या बाबतीत मी बी.कॉम. गाळेन. तीन वर्षांचं एलएल.बी. आधीच्या पदवीशिवाय करताच येत नाही, तेव्हा पहिली पदवी आहे हे कुणालाही कळतं. 'एम.ए., एलएल.बी.' ही जोडी, तुमचा मिळाल्याचा क्रम उलटा असला तरी, दिसायला सुटसुटीत, जुन्या वकिलांच्या पाट्यांवर ती हमखास सापडते. पण तुमचं काम जर टॅक्सचं आणि कंपन्यांचं असणार असेल तर उलट करा, एम.ए. उतरवा आणि 'बी.कॉम., एलएल.बी.' ठेवा. बी.कॉम. तिथे काहीतरी सांगतं. मराठीचं एम.ए. साहित्य संमेलनाच्या पत्रिकेवर लावा, तिथे एलएल.बी.ला कुणी विचारणार नाही. एकाच माणसाची तीन कार्डं वेगवेगळी असू शकतात. पाच वर्षांचा कोर्स केलेल्यांनी मात्र बी.ए. आणि एलएल.बी. सुट्या करू नयेत, ती एकच जोडपदवी आहे.

विद्यापीठाचं नाव कंसात द्यायचं का? पूर्वी द्यायचे. 1985मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होण्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून जुन्या पाट्यांवर 'बी.ए. (बॉम्बे)' दिसतं. ते खोडून 'मुंबई' करून द्या म्हणणारेही येतात. मी सांगतो, सर्टिफिकेटवर जे आहे तेच राहू दे. विद्यापीठाचं नाव 1996मध्ये बदललं, तुमची पदवी त्याआधीची आहे. आजच्या मुलांना कंसाची गरज नाही, जागा वाया जाते.

आता टिंबं. हा माझा खरा विषय, आणि याची किंमत मी मोजलीय.

धंद्यात नवा असताना एका ज्येष्ठ वकिलांची पितळी पाटी केली. इंग्रजीत 'एल', टिंब, 'एल', टिंब, 'बी', टिंब. आमच्या मते फार सुरेख. दुसऱ्या दिवशी ते पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले, काउंटरवर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि दोन 'एल'मधल्या टिंबावर अंगठ्याचं नख टेकवलं. "हे काय?" मला काही सांगता येईना. मग त्यांनीच समजावलं. ते लॅटिन आहे, लेगुम बाक्कालाउरेउस, म्हणजे 'कायद्यांचा' पदवीधर. कायदे अनेक, आणि लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला तेच अक्षर दोनदा लिहितात. इंग्रजी पुस्तकात एका पानासाठी एक 'पी' आणि अनेक पानांसाठी दोन 'पी' असतात, ते तसंच. म्हणून दोन्ही 'एल' मिळून एक शब्द, मध्ये टिंब येत नाही. टिंब दुसऱ्या 'एल'नंतर. मराठीत तोच न्याय: 'एलएल.बी.' बरोबर, 'एल.एल.बी.' चूक. पाटी नवी करून दिली. जुनी अजून माझ्या माळ्यावर आहे, नव्या पोराला कामावर घेतलं की आधी ती दाखवतो.

पीएच.डी.चंही असंच. 'पीएच' हा फिलॉसॉफीचा तुकडा, तोडायचा नाही. 'पी.एच.डी.' असं लिहिणारे इतके आहेत की आता बरोबर लिहिलेलंच लोकांना चूक वाटतं. 'बी.एस.सी.' नाही, 'बी.एससी.', कारण 'एससी' म्हणजे सायन्स. एम.बी.बी.एस.मध्ये चारही अक्षरं सुटी, तिथे प्रत्येकाला टिंब. इंग्रजीत हल्ली टिंबं पार काढून टाकायची पद्धत आलीय, तीही चालते. फक्त एका पदवीला टिंब आणि दुसरी बोडकी असं नको. दोन पदव्यांत स्वल्पविराम, एका पदवीच्या आत कधीच नाही. ओळ तोडायची वेळ आली तर स्वल्पविरामानंतर तोडा, 'पीएच.' वर आणि 'डी.' खाली असं होऊ देऊ नका. कॉम्प्युटर ते हमखास करतो.

एक शेवटची तपासणी, खास गोव्याची. तुमचं नाव सनदेवर जसं आहे तसंच पाटीवर हवं. आपल्याकडे जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेत दुसरं, सनदेवर तिसरं असं सर्रास असतं. कुणाच्या नावात 'सिनाय' आहे आणि आडनावात नाही, कुणाचं उलट. पक्षकाराने बार कौन्सिलच्या यादीत नाव शोधलं तर सापडलं पाहिजे.

वडिलांचं काय करायचं, हेही विचारलंय असं मी धरून चालतो. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिकची दुसरी पायरी, पास होते. दारावर कधी लिहिलं नाही, पण अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं, कारण कागद वाचून घ्यायला सगळे त्यांच्याकडेच यायचे. तुमच्या वडिलांचा आग्रह चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. केबिनमध्ये खुर्चीच्या मागच्या भिंतीवर सगळी सर्टिफिकेटं फ्रेम करून लावा, बी.कॉम.चंसुद्धा. आत आलेला पक्षकार वाट बघताना तीच वाचत बसतो. उद्घाटनाला वडिलांना त्या भिंतीखाली बसवा.

पाटीवर पहिल्या ओळीत 'अ‍ॅड.' आणि तुमचं पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत निम्म्या आकाराच्या टायपात 'एम.ए., एलएल.बी.', बस. वर 'अ‍ॅड.' लिहिल्यावर खाली पुन्हा 'अ‍ॅडव्होकेट' नको. आत्ता अ‍ॅक्रिलिकची करून घ्या, स्वस्तात होते. पितळ पीएच.डी.नंतर, कारण तेव्हा वरची ओळ बदलेल: 'डॉ.' नावाआधी येईल आणि 'अ‍ॅडव्होकेट' खाली उतरेल. प्रूफ वडिलांना जरूर दाखवा. फक्त दोन 'एल'मधलं टिंब तुम्ही स्वतः बघा.